मिठाचे पाणी आणि मेंदू

रक्तातील सोडियम दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असावे लागते. ते फार उतरले म्हणजे ‘अंगातले मीठ कमी झाले’ असे घरोघरी म्हणतात. वस्तुतः पुष्कळदा मीठ कमी झालेले नसते, पाणी अधिक झालेले असते. हे जादा पाणी मेंदूच्या पेशींत शिरते. पेशी फुगतात, पण कवटी काही ताणत नाही. मग रोग्याला आचके येतात, शुद्ध हरपते, श्वासही थांबतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. १९२३ साली लेनर्ड राउंट्री या अमेरिकन वैद्याने हा जलविकार प्राण्यांवर प्रयोग करून दाखविला. १९३८ साली हेल्विग व त्याच्या सहकाऱ्यांनी मरणोन्मुख रोगी तीव्र मिठाच्या द्रावणाने वाचविल्याचे प्रसिद्ध केले. प्रश्न सुटला, असे कोणालाही वाटले असते.

परंतु १९५९ मध्ये ॲडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कल यांनी मद्यासक्त व कुपोषित रोग्यांत एक चमत्कारिक व्याधी वर्णिली. मेंदूच्या बुंध्यातील मज्जातंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण नष्ट होऊन हातपाय व वाचा लुळी पडत असे. कारण त्या वेळी उमगले नाही.

पुढे १९८६ च्या जून महिन्यात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन लेख लागोपाठ छापले गेले. पहिल्यात एरिएफ यांनी शस्त्रक्रियेनंतर सोडियम घसरलेल्या, एरवी निरोगी अशा १५ स्त्रियांची हकीकत दिली. त्यांतील काही दगावल्या, इतरांच्या मेंदूला कायमची इजा झाली. दुसऱ्यात स्टर्न्स व सहकाऱ्यांनी सोडियम एका दिवसात १२ मिलिमोलहून अधिक चढविल्याने मायलिन नष्ट झालेले ८ रोगी मांडले. वाचकाने विश्वास ठेवावा कशावर?

दोन्ही लेख खरे होते. दोनएक दिवस लोटले म्हणजे मेंदूच्या पेशी आपल्यातील क्षार बाहेर टाकून फुगवटा ओसरवून घेतात. अशा जुळवून घेतलेल्या पेशींभोवती एकाएकी मीठ वाढले, की त्या शोषल्या जातात.

२०१४ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने दोन्हींचा मेळ घातला. आचके किंवा बेशुद्धी असेल तर तीन टक्के मिठाचे १५० मिलिलिटर द्रावण वीस मिनिटांत द्यावे, ५ मिलिमोलची वाढ होताच थांबावे आणि पहिल्या चोवीस तासांत १० च्या पुढे जाऊ नये. तथापि २०२३ साली अमेरिकेतील एका पाहणीत, फार सावकाश सोडियम चढविलेल्या रोग्यांतच मृत्यू अधिक आढळले आणि जुना वाद पुन्हा पेटला.