वय, कौशल्य आणि प्रेक्षक : कुस्तीगीर लू थेझ यांच्या उत्तरकालीन कारकिर्दीचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना :

क्रीडा-इतिहासात खेळाडूंच्या उत्कर्षकाळाची जेवढी नोंद घेतली जाते, तेवढी त्यांच्या उतारवयाची घेतली जात नाही. व्यावसायिक कुस्तीच्या संदर्भात ही उपेक्षा अधिक जाणवते. या कुस्तीचे निकाल पूर्वनियोजित असतात, ही बाब आता सर्वमान्य आहे. आपल्याकडे अशा लढतींना 'नुरा कुस्ती' म्हणून हिणवले जाते. निकालच ठरलेला असेल तर मल्लाचे कौशल्य कशाच्या आधारे मोजावयाचे, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. आणि मल्ल वयस्कर असेल तर तो अधिकच तीव्र होतो.

अमेरिकन मल्ल लू थेझ (1916-2002) हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण होय. वयाच्या 21 व्या वर्षी विश्वविजेतेपद मिळविणारे थेझ 46 व्या वर्षी पुन्हा विश्वविजेते झाले, 52 व्या वर्षी मुंबईत दारासिंग यांच्याशी लढले आणि 74 व्या वर्षी जपानमध्ये अखेरची लढत खेळले. या प्रदीर्घ कारकिर्दीच्या उत्तरार्धाबद्दल कुस्तीशौकिनांमध्ये नाराजीचा सूर आढळतो. ही टीका कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1) थेझ यांच्या उत्तरकालीन कारकिर्दीवरील आक्षेपांचे स्वरूप स्पष्ट करणे.
2) पूर्वनियोजित निकालाच्या कुस्तीत कौशल्याचे निकष कोणते असू शकतात, हे तपासणे.
3) त्या निकषांच्या आधारे थेझ यांच्या कौशल्याचे मूल्यमापन करणे.

पूर्वपीठिका :

थेझ यांचा जन्म 24 एप्रिल 1916 रोजी मिशिगन राज्यात झाला. त्यांचे बालपण सेंट लुईस शहरात गेले. वडिलांकडून त्यांनी ग्रीको-रोमन कुस्तीचे प्राथमिक धडे घेतले. पुढे जॉर्ज ट्रॅगोस, ॲड सँटेल आणि एड 'स्ट्रँगलर' लुईस यांच्यासारख्या जाणकारांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. या मंडळींनी त्यांना जी विद्या दिली, तिला त्या व्यवसायात 'हुकिंग' म्हणत. प्रतिस्पर्ध्याचा सांधा अशा रीतीने पकडावयाचा की त्याने प्रतिकार केल्यास सांधाच निकामी व्हावा, हे तिचे सूत्र. 29 डिसेंबर 1937 रोजी एव्हरेट मार्शल यांना हरवून थेझ यांनी पहिले विश्वविजेतेपद मिळविले. 1948 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्स या आयोजकांच्या महासंघाने 1949 मध्ये त्यांना आपला विजेता म्हणून मान्यता दिली. 7 ऑक्टोबर 1957 रोजी टोकियोत जपानचे लोकप्रिय मल्ल रिकिदोझान यांच्याशी त्यांची तासभराची लढत बरोबरीत सुटली. तेव्हा थेझ 41 वर्षांचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिक हटन यांच्याकडे विजेतेपद सोपवून ते त्या जबाबदारीतून मुक्त झाले. सामान्यतः येथेच एखाद्या मल्लाची कारकीर्द संपली असती.

आक्षेपांचे स्वरूप :

थेझ यांच्या पुढील कारकिर्दीवर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, त्यांची कुस्ती नीरस होती. दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे गॉर्जियस जॉर्ज आणि बडी रॉजर्स यांच्यासारखे रंगतदार मल्ल घरोघरी पोहोचले. त्यांच्या तुलनेत गादीवर बराच वेळ एकच पकड धरून बसणारे थेझ कंटाळवाणे ठरतात. दुसरा आक्षेप असा की, चाळिशीनंतरचे त्यांचे विजय म्हणजे आयोजकांनी जुन्या नावाला दिलेला आधार होय. तिसरा असा की, त्यांनी वेळीच निवृत्ती न स्वीकारल्याने स्वतःच्या लौकिकाला बाधा आणली.

या आक्षेपांना काही आधार आहे, हे मान्य करावे लागेल. 24 जानेवारी 1963 रोजी टोरोंटो येथे 46 वर्षांच्या थेझ यांनी 41 वर्षांच्या रॉजर्स यांना हरविले. ईशान्य अमेरिकेतील आयोजकांनी हा निकाल स्वीकारला नाही. विजेतेपदाची लढत तीनपैकी दोन डावांची असावयास हवी, ही एकाच डावाची झाली, असे कारण पुढे करण्यात आले. त्यामागील व्यावहारिक कारण मात्र वेगळे होते : त्या भागात रॉजर्स गर्दी खेचत, थेझ खेचत नसत. यातूनच वर्ल्ड वाइड रेसलिंग फेडरेशन ही वेगळी संघटना उभी राहिली. 17 मे 1963 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनो सॅमार्टिनो यांनी रॉजर्स यांना एका मिनिटाच्या आत हरवून तिचे विजेतेपद पटकावले. आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई या संस्थेचे मूळ या फुटीत आहे. थेझ यांची शैली सर्वच प्रेक्षकांना रुचत नव्हती, याचा याहून मोठा पुरावा मिळणे कठीण.

लोकप्रियता आणि कौशल्य : एक आवश्यक भेद

तथापि, गर्दी खेचण्याची क्षमता आणि आखाड्यातील कौशल्य या दोन भिन्न बाबी आहेत. टीकाकारांच्या युक्तिवादात त्यांची गल्लत झालेली दिसते. निकाल ठरलेला असल्यामुळे थेझ यांचा विजय हा त्यांच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा मानता येत नाही. पण त्याच न्यायाने त्यांचा पराभव हा त्यांच्या ऱ्हासाचा पुरावाही ठरत नाही. मग प्रश्न उरतो तो असा की, आयोजकांनी विजयासाठी नेमकी त्यांचीच निवड का केली?

याचे उत्तर त्या व्यवसायाच्या रचनेत सापडते. महासंघाचा विजेता वेगवेगळ्या प्रांतांत फिरून स्थानिक मल्लांशी लढत असे. एखाद्या मल्लाने ठरलेला निकाल झुगारून खरोखरच कुस्ती केली, तर विजेतेपद कायमचे हातचे जाण्याचा धोका असे. म्हणून विजेत्याकडून मोठी अनामत रक्कम घेतली जाई आणि शक्यतो ज्याला बळाने कोणी हरवू शकणार नाही, असा मल्ल त्या जागी नेमला जाई. रॉजर्स यांच्या हातून विजेतेपद निसटू नये, उलट ते त्यांच्याकडून निश्चितपणे काढून घेता यावे, यासाठी महासंघाला तरुण मल्ल नव्हे, तर 46 वर्षांचे थेझ आठवले. थेझ यांची खरी ताकद सहव्यावसायिकांना ठाऊक होती. विजय नाटकी असेल. पण त्यामागील विश्वास नाटकी नव्हता. त्यानंतर 7 जानेवारी 1966 रोजी जीन किनिस्की यांच्याकडून पराभूत होईपर्यंत, म्हणजे वयाच्या 49 व्या वर्षापर्यंत, त्यांनी हे पद सांभाळले. जवळपास तीन वर्षांचा सततचा प्रवास आणि प्रत्येक गावी निराळा प्रतिस्पर्धी हे केवळ जुन्या नावाच्या आधारावर निभावणारे काम नव्हते.

मुंबईतील लढत (1968) :

भारतीय वाचकांच्या दृष्टीने 29 मे 1968 ची मुंबईतील लढत विशेष महत्त्वाची आहे. 39 वर्षांच्या दारासिंग यांनी 52 वर्षांच्या थेझ यांना हरविले आणि 'फ्री-स्टाइल' कुस्तीच्या भारतीय चाहत्यांसाठी ते विश्वविजेते ठरले. या लढतीबाबत दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. म्हाताऱ्याला हरविण्यात पुरुषार्थ कसला, असे म्हणून दारासिंग यांचे यश कमी लेखले जाते. आणि परदेशात पैशासाठी हरणारा मल्ल, अशी थेझ यांची संभावना होते. वस्तुतः स्वतः थेझ यांनी दारासिंग यांची गणना अस्सल मल्लांमध्ये केली होती. समोरच्याची विद्या जोखून, तिला शोभेल अशी लढत उभी करणे आणि आपल्या नावाचे वजन त्याच्या पदरात टाकणे, हे या व्यवसायातील ज्येष्ठ मल्लाचे काम असते. आपल्याकडील तालमीत वस्ताद पठ्ठ्याला स्वतःच्या अंगावर डाव खेळू देतो, तेव्हा त्याला कोणी दुबळा म्हणत नाही. दारासिंग थेझ यांचे शिष्य नव्हते, त्यामुळे ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावयाची. परंतु पडणे हेही कौशल्य असते, हे समजण्यास ती उपयोगी आहे.

तंत्राचा वारसा :

कौशल्याचा दुसरा निकष म्हणजे तंत्राचे टिकणे. उडी घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर बसत त्याला चीत करण्याचा डाव आजही 'थेझ प्रेस' या नावाने ओळखला जातो. पाय अडकवून चेहऱ्याला आवळणारी 'एसटीएफ' ही पकडही त्यांच्याकडून पुढे आली. अल्प हालचालीत, सांध्याच्या रचनेचा फायदा घेणाऱ्या या शैलीला वयाचा फटका तुलनेने उशिरा बसतो. उंच उड्यांवर उभा असलेला मल्ल गुडघे गेले की संपतो. पकडींवर उभा असलेला मल्ल मात्र बराच काळ तग धरतो. प्रेक्षकांना जी शैली नीरस वाटली, तीच थेझ यांच्या दीर्घायुष्याचे कारण होती.

26 डिसेंबर 1990 रोजी हमामात्सु येथे थेझ यांची अखेरची लढत मासाहिरो चोनो यांच्याशी झाली. थेझ यांनी 1963 मध्ये विजेतेपद परत मिळविले, त्याच वर्षी चोनो यांचा जन्म झाला होता. चोनो यांनी ही लढत जिंकली ती एसटीएफ पकडीने, जी त्यांनी थेझ यांच्याकडूनच शिकली होती. 74 वर्षांच्या मल्लात तारुण्यातील वेग वा बळ होते, असा दावा कोणी करू नये. परंतु ही लढत हास्यास्पद हट्ट म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी तिचा अर्थही लक्षात घ्यावयास हवा. विद्या कोणाच्या हाती गेली, याची ती जाहीर साक्ष होती.

निष्कर्ष :

1) थेझ यांच्या उत्तरकालीन कुस्तीवरील टीका ही मुख्यतः अभिरुचीवरील टीका आहे, तिला कौशल्याच्या ऱ्हासाचा पुरावा मानता येत नाही.
2) निकाल पूर्वनियोजित असलेल्या कुस्तीत विजयांची संख्या हा निकष अपुरा ठरतो. सहव्यावसायिकांचा विश्वास, तंत्राची किफायत आणि विद्येचे संक्रमण हे निकष अधिक विश्वसनीय आहेत.
3) या निकषांवर 1963 ते 1968 या काळातील थेझ हे खऱ्या अर्थाने समर्थ मल्ल ठरतात. 1990 च्या लढतीचे मूल्य मात्र शारीरिक क्षमतेत नसून परंपरेच्या हस्तांतरात आहे. दोहोंची सरमिसळ करून त्यांचे समर्थन करणेही योग्य होणार नाही.

प्रेक्षकाला आपली आवड व्यक्त करण्याचा अधिकार आहेच. मात्र त्या आवडीला इतिहासाचा निर्णय मानले, तर ज्यांच्या शरीरात एका विद्येचा साठा होता अशा ज्येष्ठ मल्लांची ओळख केवळ 'वेळेत न थांबलेले' एवढीच उरेल. दारासिंग यांच्या पिढीतील भारतीय मल्लांच्या उतारवयातील लढतींचाही याच दृष्टीने अभ्यास होणे आवश्यक आहे.