सूत आणि मिलिमीटर : जुन्या ट्रॅक्टरच्या गोटी पान्याची गोष्ट

आपल्या बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी भागातल्या बऱ्याच घरांच्या कोठ्यात अजून एखादा जुना ट्रॅक्टर उभा आहे. वडिलांनी किंवा मोठ्या भावाने कर्जावर घेतलेला, आता चाकं जमिनीत रुतलेली, सीटवर कोंबड्या बसलेल्या. गेल्या काही वर्षांत मात्र मुलं-पुतणे त्याला पुन्हा चालू करायच्या मागे लागली आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पहिल्याच दिवशी ती बाजारातून किंवा मोबाइलवरून एक चकचकीत गोटी पान्याचा सेट आणतात आणि दुसऱ्या दिवशी दोन-चार नटांचे कोपरे गोल करून बसतात. म्हणून हे लिहायला घेतलं. मी कॉमर्सचा माणूस, उभा जन्म बँकेत गेला. पण शेती कर्जाच्या टेबलावर बसल्यामुळे ट्रॅक्टर पुष्कळ पाहिले आणि मिस्त्री लोकांच्या शेजारी स्टुलावर बसून चहाही पुष्कळ प्यालो.

मुद्दा असा, की जुन्या ट्रॅक्टरसाठी गोटी सेट निवडायचा तर पेटीतले नग मोजून उपयोग नाही. त्या ट्रॅक्टरचं माहेर कोणतं ते आधी विचारावं लागतं.

जरा मागे जाऊ. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि पुढच्या काही वर्षांत शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. आपल्या पिढीने आणा-पैची गणितं आणि दशमानाची गणितं दोन्ही सोडवली आहेत. म्हणजे देश मीटरकडे निघाला होता. आणि नेमक्या त्याच काळात देशात ट्रॅक्टरचे कारखाने उभे राहिले. त्यातले मोठे दोन कारखाने इंच घेऊन आले! १९६० मध्ये मद्रासला टॅफे कंपनी निघाली, तिने मॅसी फर्ग्युसन बनवायला घेतला. १९६३ मध्ये मुंबईला महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली, तिने इंटरनॅशनल बी-२७५ बनवायला घेतला. दोन्हींचे आराखडे इंग्लंडातून आलेले, त्यामुळे नट-बोल्टही तिथल्याच मापाचे. शेतकरी धान किलोत विकायला लागला, पण त्याचा ट्रॅक्टर इंचातच उघडत होता.

दुसरीकडे फरिदाबादला १९५९ मध्ये आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, तो जर्मन घराण्याचा, म्हणजे मिलिमीटरचा. १९७१ च्या सुमारास पिंजोरहून एचएमटी-झेटर आला, तो चेकोस्लोव्हाकियाचा, तोही मिलिमीटर. एस्कॉर्ट्सची तर गंमतच. फरिदाबादच्या या एकाच कंपनीने आधी पोलंडच्या उर्सुसच्या धर्तीवर ट्रॅक्टर केले आणि १९७१ पासून फोर्ड ३००० सुद्धा. म्हणजे एकाच गावच्या दोन बहिणी, एक मिलिमीटरच्या घरची, दुसरी इंचाच्या.

आपल्याकडचे मिस्त्री या इंचाला ‘सूत’ म्हणायचे. एक इंच म्हणजे आठ सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. ९/१६ ला साडेचार सूत, ११/१६ ला साडेपाच. हा शब्द सुतार-गवंड्यांचा. इंग्रजी अपूर्णांक न शिकता मिस्त्रीने सगळं गणित आपल्या भाषेत बसवून टाकलं होतं. भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री मला आठवतात. ते नटावर नुसता अंगठा फिरवायचे आणि पोराला ओरडायचे, “साडेपाच आण बे!” पोरगा सहा घेऊन आला की त्याचा उद्धार व्हायचा.

आता साडेपाचलाच एवढं महत्त्व का? हिशोब करून पाहा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तिथे १९ ची गोटी चालून जाते. साडेसात सूत, म्हणजे १५/१६ इंच, हे २३.८ होतात, २४ ची गोटी बसते. ५/८ चे १५.९ होतात, १६ चालते. या तीन जोड्यांमुळेच लोकांची फसगत होते. दोन-तीन नट नीट सुटले की वाटतं, मिलिमीटरच्या सेटवर काम भागतंय. मग येतो साडेचार सूत, म्हणजे १४.३ मिलिमीटर. १४ ची गोटी चढत नाही, १५ ची सैल होते. साडेपाच सूत म्हणजे १७.५, इथे १७ चढत नाही आणि १८ खेळते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, असं आपण म्हणतो. पण वर लांब दांडा आणि खाली तीस-चाळीस वर्षांचा गंज असला, की तेवढा फरक नटाचे सहाही कोपरे खाऊन टाकतो. नंतर छिन्नी-हातोडा, वेल्डिंग, शिव्या!

त्याहून जुना काही माल निघाला तर आणखी एक घोळ आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने स्क्रूच्या आट्यांची पहिली प्रमाण पद्धत सुचवली. तिच्या पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा, नटाच्या रुंदीचा नाही. त्यामुळे ३/८ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड प्रत्यक्षात १८ मिलिमीटरच्या आसपास असतं. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने आट्यांची एकच पद्धत ठरवली आणि त्यानंतर पान्यावर नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर लिहायची रीत रुळली. मॅसी आणि बी-२७५ साठी हाच दुसरा प्रकार लागतो. त्या सेटवर ‘एएफ’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. दुकानदाराला फक्त “इंचाचा द्या” म्हणाल तर तो जे पडून आहे ते देईल.

हॅरी फर्ग्युसनबद्दल एक सांगतो. हा माणूस इतका हट्टी, की शेतकऱ्याला पेटीभर हत्यारं लागता कामा नयेत म्हणून त्याने नटांची मापं कमीत कमी ठेवली आणि ट्रॅक्टरबरोबर दोन तोंडांचा एक पाना दिला. त्याच पान्यावर इंचाच्या खुणा, म्हणजे टाकीतलं तेल मोजायलाही तोच. बँकेत आमच्याकडे कोटेशन यायचं त्यात ट्रॅक्टर, ट्रॉली, नांगर, चिखलणीची लोखंडी चाकं, विमा, सगळ्याला ओळ असायची. पान्यांना कधीच नाही. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शेतीला कर्ज देण्यावर जोर आला, आम्ही फॉर्म भरत गेलो, हप्ते बांधत गेलो. पण आपला जिल्हा धानाचा. ऐन रोवणीत ट्रॅक्टर बांधीतल्या चिखलात बंद पडला, की पऱ्हे वाट पाहत नाहीत. त्या काळी सामान आणायचं तर छोट्या गाडीने गोंदिया, नाहीतर पुढे नागपूर. नट गोल झाला म्हणून आठवडा गेला, रोवणी लांबली, उतारा घटला आणि हप्ता थकला, अशी प्रकरणं मी वसुलीच्या रजिस्टरात पाहिली आहेत. रजिस्टरात अर्थात कारण ‘कमी उत्पन्न’ असंच लिहिलं जायचं.

सेट घेताना काय पाहावं, ते सांगतो. ‘१०८ नग’ वगैरे आकड्यांना भुलू नका. त्यात निम्मे पेचकसाचे तुकडे आणि मोटरसायकलला लागतील अशा बारक्या गोट्या असतात. ट्रॅक्टरला अर्धा इंच चौकोनाच्या दांड्याचा सेट हवा. (हा मागचा चौकोन सगळ्या जगात इंचातच असतो, गोटी मिलिमीटरची असली तरी. इंचाने तिथे आपली जागा सोडलेली नाही.) गोटी सहा कोनी घ्या. बारा कोनी अडचणीच्या जागी लवकर बसते, पण गंजलेल्या नटाला ती कोपऱ्यावर धरते. सहा कोनी नटाला बाजूंवर कवळते. इंचाच्या ट्रॅक्टरला ७/१६ पासून सव्वा इंचापर्यंत दहा-बारा गोट्या पुरतात, त्यात साडेचार आणि साडेपाच असल्याची स्वतः खात्री करा. मिलिमीटरवाल्याला १० ते ३२. तिथेही एक मेख आहे. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टला जुन्या पद्धतीत १७ चं डोकं असायचं, नव्या पद्धतीत १६ चं येतं. तेव्हा १६ आणि १७ दोन्ही हव्यात.

मागच्या चाकांना आणि हबला अर्ध्या इंचाचा दांडा वापरून त्यावर पाइप चढवू नका. चौकोन मोडतो आणि माणूस तोंडावर पडतो. त्यासाठी पाऊण इंचाचा दांडा आणि दोन-तीन मोठ्या गोट्या वेगळ्या घ्या. आणि रॅचेट हे नट सैल झाल्यावर भराभर काढायला असतं. पहिला झटका नेहमी साध्या लांब दांड्याने द्यावा, तोही नट रात्रभर डिझेलमध्ये भिजवून.

एवढं करूनही जुना ट्रॅक्टर शुद्ध राहिलेला नसतो. चाळीस वर्षांत दहा मिस्त्र्यांचे हात लागलेले असतात. इंचाचा बोल्ट हरवला तिथे मिलिमीटरचा ठोकलेला असतो. माझ्या दिवंगत मोठ्या भावाच्या बी-२७५ वर पुतण्या सध्या काम करतो आहे. त्याच्या एका बाजूच्या मडगार्डला चार बोल्टांत तीन मापं निघाली! म्हणून मी त्याला आधी व्हर्नियर घ्यायला लावलं. नट घासून साफ करायचा, मोजायचा, मगच गोटी उचलायची. हात लागलेल्या प्रत्येक नटाचं माप तो वहीत लिहून ठेवतो.

एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. सूतात बोलणारे मिस्त्रीही आता आपल्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. ज्यांच्या गावात असा कुणी असेल त्यांनी आपला ट्रॅक्टर एकदा त्याच्यासमोर उभा करावा आणि पोरांना शेजारी बसवावं.

आमच्याकडे आता दोन्ही सेट एकाच पेटीत आहेत. गल्लत नको म्हणून इंचाच्या गोट्यांवर लाल पट्टा ओढला आहे, मिलिमीटरच्या कोऱ्या ठेवल्या आहेत. रंग म्हणून सूनबाईंची नेलपॉलिश वापरली. तेल-डिझेल लागूनही दोन वर्षं टिकली आहे.