लाइट गेली त्या रात्री

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला याची बातमी दरवर्षी येते. त्या पट्ट्यात घरामागच्या शेडमध्ये एका दिवसाची 500 पिल्लं असताना रात्री लाइट गेली, तर काय होत जातं त्याचा हा घटनाक्रम. तो कुण्या एका शेडचा नाही. मिनिटं इकडचीतिकडे होतील, शेवट मात्र बहुधा ढिगातच होतो.

दुपारी 4. ढिगाला दहा तास.
हॅचरीची गाडी येते. पिल्लांना गुळपाणी, कागदावर मक्याचा भरडा. खाली दोन इंच तूस, भोवती पत्र्याचं गोल चिकगार्ड, वर 200 वॅटचे पाच बल्ब. पिल्लामागे दोन वॅट, हा जुना ठोकताळा. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पारा 34 अंश. सगळं पुस्तकाप्रमाणे. बल्ब विझले तर काय, एवढंच कुणी विचारलेलं नाही.

संध्याकाळी 6.30.
पडदे सोडले. उत्तरेकडचा फाटलाय. उद्या शिवू.

रात्री 10.10. चार तास.
लाइट गेली. ‘येईल पंधरा मिनिटांत.’

10.40.
छपराच्या पत्र्यातून ऊब केव्हाच निघून गेली. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नाहीत. स्वतःची ऊब स्वतः राखणं त्याला दहा-बारा दिवसांनी जमू लागतं. आता आवाज बदलतो. समाधानी चिवचिव जाऊन लांबलचक, कर्कश ओरडणं सुरू होतं.

या घडीला सगळं हातात आहे. चिकगार्ड आत ओढून रिंगण अर्धं करा. भोकं पाडलेल्या खोक्यांत तूस घालून पन्नास-पन्नास पिल्लं ठेवा, वर गोणपाट टाका, हवेला फट राखा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत सारा, बूच घट्ट आहे ना ते बघून. भिजलेलं पिल्लू आधी गारठतं. अख्खी शेड तापवायची गरजच नाही. खुडूक कोंबडी दहा-बारा पिल्लं पंखाखाली घेते, ती काय अंगण तापवते?

11.45.
कुणीतरी कोळशाची शेगडी आत आणतं आणि पडदे आवळतं. हा सगळ्यात घातक उपाय. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास; पिल्लं जातातच, राखणीला झोपलेला माणूसही जाऊ शकतो. शेगडी बाहेरच राहू द्या, तिच्यावर पाणी तापवा.

1.00. एक तास.
ओरडणं मंदावतं. मालकाला वाटतं, झोपली बिचारी.

2.00.
झोपलेली नाहीत. फाटक्या पडद्यापासून दूर, चिकगार्डच्या एका कडेला ती एकमेकांवर चढली आहेत. वरच्याला ऊब हवी म्हणून ते खाली घुसतं, खालच्याला हवा मिळत नाही. थंडी पिल्लांना एकत्र लोटते, जीव घेतो तो ढीग. म्हणूनच लहान लहान गट करायचे: पन्नासांचा ढीग फार उंच होत नाही.

3.10.
बॅटरीच्या उजेडात ढीग दिसतो. दोन्ही हातांनी उपसावा लागतो. वरची धडधाकट, मधली धापा टाकणारी, तळाची चपटी आणि ओली.

4.20.
लाइट आली.

सकाळी 6.30.
मेलेली बादलीत. उरलेल्यांचे पाय गालाला लावून बघा. थंड पायाचं पिल्लू दाण्याकडे वळत नाही, गळ्याखालची पोटली रिकामीच राहते, मागे विष्ठा चिकटते. मरतूक आज थांबणार नाही, आठवडाभर वहीत चढत राहील.

पुढच्या बॅचची गाडी येण्याच्या आदल्या रात्री शेड तापली की मेन स्विच बंद करा. अर्ध्या तासाने थर्मामीटर बघा, आणि मगच गाडीला हो म्हणा.