टाक्याचा प्रवास : आतून बाहेर

आजचा विषय वरवर छोटा आहे: सिझेरियननंतर कातडीला घातलेला टाका. पण त्यामागे दीडशे वर्षं आहेत.

1876 साली इटलीतल्या पाव्हियामध्ये एदोआर्दो पोरो यांनी बाळ काढल्यावर आईचं गर्भाशयही काढून टाकलं. का? तर तेव्हा गर्भाशय सहसा शिवतच नसत. बाई रक्तस्रावाने नाहीतर जंतुसंसर्गाने जायची. 1882 मध्ये माक्स झेंगर यांनी गर्भाशय शिवण्याची पद्धत मांडली. 1900 मध्ये फानेनस्टील यांनी ओटीपोटावरचा आडवा छेद सांगितला. पुढे 1940च्या दशकात पेनिसिलिन आलं. आपलं मेडिकल कॉलेज 1947 चं, म्हणजे त्याच दशकातलं. आई वाचू लागली, तेव्हा कुठे लक्ष कातडीकडे गेलं.

आता आई स्थूल असेल तर काय होतं बघा. चरबीत रक्तपुरवठा कमी, म्हणून औषधही कमी पोचतं. थरांमध्ये पोकळी राहिली की पाणी साचतं. पोटाची घडी छेदावर येते आणि नागपूरचा मे महिना म्हणजे तिथे सतत घाम! जखम चिघळायला आणखी काय हवं?

मग उपाय शोधले गेले. चरबीचा थर 2 सेंटिमीटरहून जाड असेल तर तोही शिवावा, जखम कमी उसवते, असं दिसलं. 2014 मध्ये अमेरिकेत 746 बायकांवर झालेल्या अभ्यासात पिना लावलेल्यांपैकी 10.6 टक्के जणींच्या जखमेत गुंतागुंत झाली, दोऱ्याने शिवलेल्यांत 4.9 टक्के. पण गंमत म्हणजे, फक्त स्थूल बायकांवर 2018 मध्ये आलेल्या अभ्यासात दोन्हींत खास फरक दिसला नाही! म्हणजे एकट्या दोऱ्यावर भिस्त ठेवून चालत नाही.

पूर्वी बाळाला औषध जाऊ नये म्हणून नाळ कापल्यावर अँटिबायोटिक देत. आता ते छेदाआधीच देतात, वजन जास्त असेल तर मात्राही वाढवतात. तरी विरघळणाऱ्या दोऱ्याचा आपल्याकडे एक फायदा आहेच: गडचिरोलीच्या बाईला पिना काढायला परत यावं लागत नाही.

आणि घरी काय चालतं? "भात खाल्ला म्हणून पू झाला." नाहीतर, "तू जाड आहेस ना!" अहो, भाताने पू होत नाही. बाळंतिणीला उपाशी ठेवू नका, बोल लावू नका. घडी कोरडी ठेवा. लाली पसरली, पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्या जखमेने एकेकाळी जीव जायचा, तिला आजही किरकोळ समजू नये, एवढंच सांगतो.