होस्टनेम व आयपी पत्ता

संगणकांच्या जाळ्यातील यंत्र ओळखता यावे म्हणून त्यास दोन प्रकारच्या खुणा देतात. माणसांच्या सोयीसाठी दिलेल्या अक्षरी नावाला होस्टनेम म्हणतात, तर संदेश योग्य स्थळी पोहोचविण्यासाठी यंत्रे जो आकडा वापरतात त्यास आयपी पत्ता म्हणतात. आयपी हे इंटरनेट प्रोटोकॉल या संदेशवहनाच्या नियमसंहितेचे लघुरूप होय. पत्ता हा वस्तुतः यंत्राच्या जाळ्याशी असलेल्या जोडणीचा असतो. जोडणी बदलली की पत्ता बदलतो, नाव मात्र कायम ठेवता येते. त्यामुळे नावावरून पत्ता शोधण्याची व्यवस्था आवश्यक ठरते व ती कोणी सांभाळावी, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

प्रारंभीची यादी : अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस अँजेल्सच्या विद्यापीठातून मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत गेला. आरंभी यंत्रे मोजकीच असल्याने प्रत्येक केंद्र आपापली नावांची यादी ठेवी. या याद्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, तेव्हा १९७४ च्या सुमारास मेन्लो पार्क येथील माहिती केंद्राने एकच अधिकृत यादी ठेवण्यास प्रारंभ केला. एलिझाबेथ फाइनलर या त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवे यंत्र जोडताना या केंद्रास कळवावे लागे. तेथील कर्मचारी यादीत नोंद करीत आणि इतर केंद्रे ती यादी वेळोवेळी आपल्या यंत्रांवर उतरवून घेत.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने सध्याची नियमसंहिता स्वीकारली आणि इतर जाळी त्यास जोडणे सुकर झाले. यंत्रांची संख्या वाढताच यादीतील उणिवा उघड झाल्या. ती दूरवर पोहोचेपर्यंत शिळी होई, एकच नाव दोन ठिकाणी घेतले जाण्याचा धोका असे व सर्व भार एकाच कचेरीवर पडे. दोष कर्मचाऱ्यांचा नव्हता, तर एका यादीवर विसंबण्याच्या पद्धतीचा होता.

क्षेत्रनाम पद्धती : सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेतील जॉन पोस्टेल यांच्या सूचनेवरून तेथीलच पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये नवी पद्धती मांडली. तिचे सुधारित नियम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत नावांचे क्षेत्र वृक्षाप्रमाणे विभागलेले असते. मुळाशी असलेल्या यंत्रणेस फक्त ‘कॉम’, ‘ऑर्ग’, ‘इन’ यांसारख्या शाखा कोणाकडे आहेत एवढेच ठाऊक असते. प्रत्येक शाखा पुढील फांदीचा कारभार दुसऱ्याकडे सोपविते. संपूर्ण यादी कोणाजवळच नसते, तरीही प्रत्येक नावाचा शोध लागतो. नावाचा प्रत्येक खंड कमाल ६३ वर्णांचा असू शकतो.

शोधाची रीत : नाव टंकलिखित केल्यावर संगणक सामान्यतः प्रथम स्वतःजवळील छोटी यादी पाहतो. मेन्लो पार्कच्या जुन्या यादीचा हा अवशेष बहुतेक संगणकांत अद्याप आढळतो. तेथे उत्तर न मिळाल्यास विचारणा नामसेवकाकडे जाते. तो मूळ, शाखा व फांदी या क्रमाने चौकशी करून पत्ता आणतो आणि ठराविक काळ जपून ठेवतो. पत्ता बदलल्यानंतरही काही ठिकाणी जुनेच उत्तर मिळते, ते यामुळेच. उलट शोधासाठी पत्त्यातील आकड्यांचे गट उलट्या क्रमाने लिहून त्यांचे नाव बनवितात, उदा., १९२.०.२.१७ या पत्त्याचा शोध १७.२.०.१९२ या क्रमाने घेतात. मात्र अशी उलट नोंद प्रत्येक पत्त्याची केलेली असतेच असे नाही. ‘एनएसलुकअप’ या आज्ञेने दोन्ही शोध घेता येतात, तर ‘होस्टनेम’ या आज्ञेने आपल्याच यंत्राचे नाव कळते.

पत्त्यांची टंचाई : १९८१ मध्ये निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ द्विमान अंकांचा असून त्याचे एकूण ४,२९,४९,६७,२९६ प्रकार संभवतात. तत्कालीन जाळ्यास ही संख्या अमाप वाटली, तरी ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले. १९९६ मध्ये १०.०.०.० व १९२.१६८.०.० यांपासून सुरू होणारे पत्ते आणि अन्य एक गट खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवण्याचा नियम प्रसिद्ध झाला. त्यामुळे असंख्य घरांतील यंत्रे तेच आकडे वापरतात व बाहेरील जगाशी बोलताना एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेतात. घरातील संगणकावर दिसणारा पत्ता बाहेरून दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळा असतो, याचे कारण हेच होय. कायमचा उपाय म्हणून १२८ द्विमान अंकांच्या सहाव्या आवृत्तीचे नियम डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी वापरात आहेत.

भारत : भारताची ‘इन’ ही शाखा १९८९ मध्ये नोंदली गेली. तिचा कारभार प्रथम मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता. २००५ पासून तो नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. मूळ नियम रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह यांपुरते असल्याने मराठी नावांस तेथे वाव नव्हता. २००३ मध्ये इतर लिप्यांतील नावे रोमन संकेतांत रूपांतरित करण्याची रीत ठरली आणि २०१४ मध्ये देवनागरीतील ‘भारत’ ही शाखा नोंदणीसाठी खुली झाली. वाचकास देवनागरी नाव दिसले, तरी नामसेवकांमध्ये फिरतो तो त्याचा रोमन संकेतच. मुळातील नियम न मोडता नवी लिपी सामावून घेता आली, हे या विभागलेल्या रचनेच्या लवचिकपणाचे द्योतक होय.