जुनाट ॲसिडिटी: गोळ्या पुरेत की ऑपरेशन करावे?

छातीत जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी, आडवे झाल्यावर वाढणारा त्रास याला आपल्याकडे सरसकट 'पित्त' किंवा 'ॲसिडिटी' म्हणतात. हे आठवड्यातून दोन-तीनदा आणि महिनोन्‌महिने होत असेल, तर बहुधा तो रिफ्लक्सचा आजार असतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप सैल पडते किंवा जठराचा काही भाग छातीच्या बाजूला सरकतो (हायटस हर्निया). मग जठरातील आम्ल वर चढते.

आधी काय करावे?

श्रीरामपूरसारख्या बागायती भागात रात्री उशिरा जेवून लगेच झोपणे किंवा जेवण होताच वाकून शेतातली कामे करणे नवीन नाही. या दोन्ही गोष्टींनी आम्ल वर येते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा लावून ती बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उचलावी. नुसत्या उशा वाढवून मान तेवढी वाकते. वाढलेले वजन कमी करणे आणि विडी-सिगारेट सोडणे हेही उपचारच आहेत.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटे आधी घ्यायच्या असतात. जळजळ झाली की एक, अशा घेतल्यास त्यांचा पूर्ण गुण येत नाही. डॉक्टर साधारण 8 आठवडे त्या रोज घ्यायला सांगतात.

थांबू नये अशी लक्षणे

घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शी किंवा रक्त कमी होणे यांपैकी काही असेल तर लवकर एंडोस्कोपी करावी. चालताना छातीत दुखले, घाम आला, तर पित्त समजून सोडा पीत बसू नये. आधी हृदयाची तपासणी करावी.

ऑपरेशन कोणासाठी?

'गोळ्या लागू पडत नाहीत, म्हणून ऑपरेशन' हा समज अर्धाच खरा आहे. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळ्यांनी जळजळ न थांबणारे 366 रुग्ण पाठवले गेले. औषधे नीट घेतल्यावर आणि सगळ्या तपासण्या झाल्यावर उपचारांच्या तुलनेसाठी त्यांतले केवळ 78 उरले. काहींना गोळ्या वेळेवर घेताच बरे वाटले, तर अनेकांच्या जळजळीचे कारण आम्ल नव्हतेच. मात्र निवडलेल्या रुग्णांत ऑपरेशनने 67 टक्क्यांना, तर वाढीव औषधांनी 28 टक्क्यांना चांगला आराम पडला.

म्हणून ऑपरेशनआधी एंडोस्कोपी, आम्ल खरेच वर येते का हे पाहणारी 24 तासांची पीएच तपासणी आणि अन्ननलिकेचा जोर मोजणारी मॅनोमेट्री महत्त्वाची. गोळ्यांनी आराम पडतो पण त्या जन्मभर नको आहेत, किंवा मोठा हर्निया असून अन्न-पाणी वर येते, अशांना ऑपरेशनचा विचार करता येतो.

ऑपरेशनमध्ये काय होते?

जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप घट्ट करतात. रुडॉल्फ निस्सेन यांनी 1956 मध्ये मांडलेली ही पद्धत आता दुर्बिणीतून केली जाते. सुरुवातीचे काही आठवडे घास अडकल्यासारखा वाटतो. काहींना ढेकर देता येत नाही, पोट फुगते. स्वीडनमधील 2,655 रुग्णांच्या पाहणीत 17.7 टक्क्यांना पुढे पुन्हा त्रास झाला.

श्रीरामपूरहून जाताना

लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. त्यापलीकडे अहिल्यानगर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे. कुठेही जाण्याआधी फोन करून पीएच तपासणी आणि मॅनोमेट्री तिथे होते का, हे विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या रुग्णालयात बसते का, हे आरोग्यमित्र सांगतो. सर्जनला तीन प्रश्न जरूर विचारावेत: माझा त्रास आम्लामुळेच आहे हे कशावरून ठरले? अशी किती ऑपरेशने तुम्ही केली आहेत? आणि नाही केले तर काय होईल?