मुंबईच्या किनाऱ्यावरील शेवंड मासेमारी

मुंबईच्या किनाऱ्यावरील शेवंड मासेमारी म्हणजे वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई आणि दक्षिण मुंबईतील बंदरांवरून अरबी समुद्राच्या उथळ भागात होणारी शेवंडीची मासेमारी होय. इंग्रजीतून आलेल्या ‘लॉबस्टर’ या नावानेही शेवंड ओळखली जाते. मुंबईच्या मासळीत वजनाच्या हिशेबाने शेवंडीचा वाटा नेहमीच अल्प राहिला आहे. किमतीच्या हिशेबाने मात्र ती सर्वांत महाग मासळींपैकी एक आहे. येथील दोन प्रमुख जातींपैकी चपट्या शेवंडीची मासेमारी १९९४ पर्यंत जवळजवळ संपुष्टात आली. एका शहराच्या समुद्रातून एखादी व्यापारी जात दोन दशकांच्या आत नाहीशी होण्याचे हे उदाहरण भारतीय मत्स्यविज्ञानात वारंवार दिले जाते.

नाव आणि जाती

मराठीत ‘शेवंड’ हे नाव स्त्रीलिंगी असून तिचे अनेकवचन ‘शेवंडी’ असे होते. ‘शेवंडा’ असेही रूप आढळते. शेवंड हा संधिपाद संघातील, खेकडे व कोळंबी ज्यात मोडतात त्या दशपाद गणातील प्राणी आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील लॉबस्टरच्या चित्रांत दिसणाऱ्या मोठ्या नांग्या भारतीय शेवंडींना नसतात. त्या शीत समुद्रातील वेगळ्या कुळाचे लक्षण आहेत.

मुंबईच्या समुद्रात दोन जातींना व्यापारी महत्त्व आहे. पहिली काटेरी शेवंड, शास्त्रीय नाव पॅन्युलिरस पॉलिफॅगस. तिचा रंग मळकट हिरवा असून पोटाच्या प्रत्येक खंडावर आडवी पांढरी रेघ असते. डोळ्यांवर दोन शिंगांसारखे काटे आणि शरीराहून लांब, जाड, काटेरी शृंगिका ही तिची संरक्षणाची साधने होत. हर्बस्ट यांनी १७९३ मध्ये या जातीचे वर्णन केले. बहुतेक काटेरी शेवंडींना प्रवाळ व निवळ पाणी लागते. ही जात मात्र नदीमुखांजवळच्या गढूळ पाण्यात आणि चिखलमिश्रित तळावरही राहू शकते, म्हणूनच ती मुंबईसारख्या किनाऱ्यावर टिकून आहे.

दुसरी चपटी शेवंड. तिच्या शृंगिका लांब नसून फावड्यासारख्या रुंद असतात आणि शरीर वरून दाबल्यासारखे दिसते. वाळू व चिखलात ती दिवसा स्वतःला पुरून घेते. जुन्या भारतीय लेखनात तिचे नाव थीनस ओरिएंटॅलिस असे आढळते. २००७ मध्ये या प्रजातीची फेररचना झाली आणि त्यानंतर भारतीय किनाऱ्यावरील चपटी शेवंड थीनस युनिमॅक्युलॅटस या जातीची असल्याचे मानले जाऊ लागले. जुने अहवाल वाचताना हा नामबदल लक्षात ठेवावा लागतो.

जीवनक्रम

मादी फलित अंडी पोटाखालील उपांगांना चिकटवून वाहते. अंडी प्रथम नारिंगी असतात व उबण्याच्या सुमारास तपकिरी होतात. काटेरी शेवंडीची मोठी मादी एका वेळी काही लाख अंडी वाहू शकते. चपट्या शेवंडीच्या अंड्यांची संख्या त्या मानाने बरीच कमी, हजारांच्या घरात असते. अंड्यांतून बाहेर पडणारी फायलोसोमा ही अळी पानासारखी चपटी व काचेसारखी पारदर्शक असून प्रवाहांबरोबर वाहत राहते. काटेरी शेवंडीत ही अवस्था अनेक महिने चालते, चपटीत ती सुमारे एका महिन्यात संपते. त्यानंतरची पोहणारी पिल्ले तळ गाठतात आणि तेथून पुढे कात टाकत वाढतात.

दोन्ही जाती निशाचर आहेत. काटेरी शेवंड दिवसा खडकांच्या कपारीत केवळ शृंगिका बाहेर ठेवून बसते आणि अंधार पडल्यावर शिंपले, गोगलगायी, कृमी व मेलेले मासे खाण्यासाठी बाहेर येते. शेवंड पकडण्याच्या जगभरच्या बहुतेक पद्धती याच सवयीवर उभ्या आहेत.

मासेमारीचे क्षेत्र

मुंबई उपनगर जिल्ह्याला दोन भिन्न किनारे आहेत. पश्चिमेला अंधेरी तालुक्यातील वर्सोव्यापासून मढ, मार्वे आणि मनोरीवरून बोरिवली तालुक्यातील गोराईपर्यंत खुला समुद्र आहे. या पट्ट्यात वाळूच्या चौपाट्या आणि पाण्यात शिरलेले खडक आलटून पालटून येतात. पूर्वेला घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंडच्या कडेने ठाण्याची खाडी आहे. ती चिखलाची, तिवरांची असून पावसाळ्यात तिचे पाणी बरेच गोडे होते. शेवंड खाऱ्या पाण्याचा प्राणी असल्याने तिची मासेमारी पश्चिम किनाऱ्यापुरतीच मर्यादित आहे. पूर्वेच्या खाडीत तिची जागा चिंबोरी घेते.

मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरच्या जवळ जाते. इतक्या ओढीत तळाशी ठेवलेले कोणतेही हलके साधन जागेवर राहत नाही आणि पाणी सतत गढूळ राहते. दक्षिण भारतात कन्याकुमारीजवळच्या कोळाचेल भागात ताडाच्या तंतूंनी विणलेले सापळे शेवंडीसाठी परंपरेने वापरले जातात. मुंबईत तसे सापळे रुजले नाहीत, त्याचे एक कारण या प्रवाहात शोधता येते.

जाळी

वर्सोवा व मढ येथील कोळ्यांचे मुख्य जाळे म्हणजे डोल. प्रवाहाच्या तोंडाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधलेली ही लांबलचक पिशवी बोंबील, जवळा आणि करंदीसाठी असते. शेवंड तीत अवचित येते. खडकाळ भागात तळाशी बुडवून ठेवलेली गिलनेट हे काटेरी शेवंडीचे खरे साधन आहे. जाळे संध्याकाळी लावतात आणि पहाटे उचलतात. रात्री चरायला निघालेल्या शेवंडीचे पाय आणि काटे आसात गुंततात. ती सोडवताना पाय व शृंगिका तुटण्याचा धोका असतो आणि जिवंत शेवंडीच्या बाजारात अवयव तुटलेल्या मालाचा भाव पडतो, म्हणून हे काम सावकाश करावे लागते.

तिसरे साधन ट्रॉल. यांत्रिक नौकेमागे तळावरून ओढले जाणारे हे जाळे कोळंबीसाठी आहे. वाळूत पुरून घेतलेली चपटी शेवंड गिलनेटमध्ये फारशी सापडत नाही. ती वर येते ती जवळजवळ सर्व ट्रॉलनेच.

फग आणि रात्रीची मासेमारी

लोखंडी किंवा वेताच्या कड्याला जाळे बांधून केलेले, आमिष लावून तळाशी सोडायचे साधन मुंबई-रायगड भागात ‘फग’ या नावाने ओळखले जाते. कड्याला तीन-चार दोऱ्या बांधून त्या एका मुख्य दोरीत जोडतात. मधोमध मासळीची डोकी किंवा आतडी बांधतात आणि दोरीच्या वरच्या टोकाला तरंगणारी खूण सोडतात. तळाशी टेकल्यावर जाळे कड्यासकट सपाट पडते. प्राणी आमिषावर येतो, दोरी एका झटक्यात ओढली की जाळ्याची पिशवी होते आणि तो तळाशी अडकतो. दोरी हळू ओढली तर तो कडेवरून निसटतो; फगाचे सारे कौशल्य या ओढण्यात आहे.

मुंबईच्या खाड्यांत फग मुख्यतः चिंबोऱ्यांसाठी, लहान होडीतून किंवा तिवरांच्या कडेने वापरला जातो. अमावस्येच्या सुमारास चिंबोऱ्या मांसाने भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ असतात, अशी किनाऱ्यावर सर्वत्र समजूत आहे आणि फग टाकण्याचे दिवस पुष्कळदा तिच्या आधारे ठरतात.

शेवंडीसाठी याच साधनाचा सर्वांत सुसंघटित वापर अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात होतो. तेथे हौशी मासेमार सूर्यास्तानंतर कयाकमधून खडकांच्या कडेने अशी जाळी सोडतात. एका व्यक्तीला पाच आणि एका नौकेवर जास्तीत जास्त दहा जाळ्यांची मर्यादा आहे, जाळी दोन तासांच्या आत उचलावी लागतात आणि दिवसाला सातच शेवंडी ठेवता येतात. पाठीच्या कवचाची लांबी सुमारे ८३ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर शेवंड तत्काळ पाण्यात सोडावी लागते. त्यासाठी प्रत्येकाजवळ मोजपट्टी असणे सक्तीचे आहे. हंगाम ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होऊन मार्चच्या मध्यास संपतो. हे नियम पाळता येतात याचे कारण साधनातच आहे: फगात आलेला प्राणी जिवंत व अभंग असतो आणि तो ठेवावा की सोडावा हे पाण्यावरच ठरवता येते. तासन् तास ओढलेल्या ट्रॉलमधून मासळीच्या ढिगाखाली दबून आलेल्या शेवंडीबाबत हा पर्याय पुष्कळदा उरत नाही.

शेवंडीसाठीची रात्रीची मासेमारी आणि प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करण्याची पद्धत यांची गल्लत करू नये. शेवंड आमिषाच्या वासावर येते, प्रकाशावर नव्हे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे.

चपट्या शेवंडीचा ऱ्हास

मुंबईत ट्रॉलर वाढले तसे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चपट्या शेवंडी मोठ्या संख्येने बंदरावर येऊ लागल्या. त्यापूर्वी त्यांना स्थानिक बाजारात विशेष मागणी नव्हती. गोठवलेल्या शेपट्यांच्या निर्यातीमुळे भाव चढले आणि १९८० च्या दशकात मुंबईत त्यांची आवक वर्षाला शेकडो टनांवर गेली. संपूर्ण देशाची शेवंडीची आवकही याच काळात, १९८५ च्या सुमारास, चार हजार टनांच्या आसपास शिखरावर होती आणि तिचा मोठा भाग गुजरात व महाराष्ट्रातून येत होता.

त्यानंतरची घसरण वेगवान होती. १९९४ पर्यंत मुंबईतील चपट्या शेवंडीची आवक नगण्य झाली आणि पुढे ती सावरली नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे वि. दि. देशमुख यांनी २००१ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’मध्ये या ऱ्हासाची मीमांसा केली. या संस्थेचे मुंबई केंद्र वर्सोव्यातच, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या जुन्या आवारात आहे.

ऱ्हासाचे कारण शास्त्रीय भाषेत ‘पुनर्भरणातील अतिमासेमारी’ असे सांगितले जाते. अंडी वाहणाऱ्या माद्या इतक्या संख्येने पकडल्या गेल्या की पुढची पिढी मागच्या पिढीची जागा भरू शकली नाही. चपट्या शेवंडीची अंडी मुळात कमी, आणि मादी ती पोटाशी घेऊन तळावरच राहते, म्हणजे तिच्याबरोबर अंडीही ट्रॉलमध्ये जातात.

यात आर्थिक कारणही गुंतलेले होते. एखादी मासेमारी केवळ एकाच जातीवर अवलंबून असेल, तर ती जात विरळ होताच इंधनाचा खर्च निघेनासा होतो, नौका थांबतात आणि उरलेल्या प्राण्यांना उसंत मिळते. मुंबईचे ट्रॉलर कोळंबीसाठी समुद्रात जात होते. शेवंड कमी झाली म्हणून त्यांच्या फेऱ्या थांबण्याचे कारण नव्हते. शेवटच्या शेवंडीही कोळंबीबरोबर वर येत राहिल्या. त्या काळात अंडी असलेली मादी सोडून देण्याची सक्ती नव्हती.

काटेरी शेवंडीची आवकही घटली, परंतु ती नाहीशी झाली नाही. तिचा बराचसा आश्रय खडकांत आहे आणि खडकावर ट्रॉल ओढता येत नाही, जाळे फाटते. तिच्या माद्यांची अंडीही अधिक असतात आणि दीर्घकाळ वाहणाऱ्या अळ्या दूरच्या किनाऱ्यांवरूनही येऊ शकतात.

नियमन

महाराष्ट्रात किनारी मासेमारीवर १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमानुसार नियंत्रण आहे. त्यात २०२१ मध्ये महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कोळी समाजात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून हंगाम सुरू करण्याची परंपरा याहून जुनी आहे.

शेवंडीसाठी स्वतंत्र नियम केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने १७ जुलै २००३ च्या अधिसूचनेने केला. त्यानुसार जिवंत, थंड केलेल्या किंवा गोठवलेल्या अखंड शेवंडीची निर्यात पुढील किमान वजनाखाली करता येत नाही: पॅन्युलिरस पॉलिफॅगस ३०० ग्रॅम, पॅन्युलिरस होमारस २०० ग्रॅम, पॅन्युलिरस ऑर्नॅटस ५०० ग्रॅम आणि चपटी शेवंड १५० ग्रॅम. शेपट्यांसाठी वेगळी वजने ठरवली आहेत. पॉलिफॅगससाठी ती ९० ग्रॅम, तर चपटीसाठी ४५ ग्रॅम आहे.

हा नियम निर्यातीचा आहे, पकडण्याचा नव्हे. ३०० ग्रॅमपेक्षा लहान शेवंड परदेशी जाऊ शकत नसली तरी या अधिसूचनेने तिला देशातील उपाहारगृहात जाण्यापासून रोखलेले नाही. शिवाय मुंबईपुरते पाहता चपट्या शेवंडीचे किमान वजन तिची मासेमारी कोसळल्यानंतर सुमारे नऊ वर्षांनी ठरले.

बाजार

मुंबईत शेवंड ससून डॉक, भाऊचा धक्का आणि वर्सोवा या बंदरांवर उतरते. ससून डॉक १८७५ पासून वापरात आहे. जिवंत काटेरी शेवंडीला सर्वाधिक भाव मिळतो. ती थंड करून मंद केली जाते आणि ओलसर वेष्टनात, बहुधा भुशात बांधून विमानाने पाठवली जाते. पाण्याबाहेर ती काही तास तग धरू शकते. मेलेल्या शेवंडीचे मांस लवकर मऊ पडते, त्यामुळे तिची बहुधा शेपटीच गोठवून विकतात. कोळीवाड्यांतील स्थानिक विक्री कोळणींच्या हाती आहे. गाबोळी असलेली मादी खवय्यांच्या दृष्टीने विशेष समजली जाते आणि अशा माद्यांना मिळणारी ही पसंती संवर्धनाच्या प्रत्येक प्रयत्नापुढील अडचण ठरते.